वडिलांचा मुलुंडचा फ्लॅट, तीन भावंडं आणि एक आयटीआर-२

मुलुंड पूर्वेचा फ्लॅट वडिलांनी १९८६ साली घेतला होता. ५०० चौरस फूट कार्पेट, जुनी सोसायटी, लिफ्ट नाही. आई आधीच गेली होती, वडील २०१९ मध्ये गेले. मृत्युपत्र नव्हतं, वारस आम्ही तीन भावंडं. २०२४ मध्ये फ्लॅट विकला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिघांची आयकर विवरणपत्रं, म्हणजे आयटीआर, भरून झाली. विवरणपत्र भरायला दीड तास लागला. बाकीचे चौदा महिने तारखा, कागद आणि पॅन क्रमांक जुळवण्यात गेले. तेच इथे क्रमाने लिहितो. आकडे हिशोब कळावा म्हणून गोल केले आहेत.

आधी दोन गोष्टी, ज्यावर जवळपास प्रत्येक जण चुकीचा सल्ला देतो. वारसाहक्काने घर मिळालं तेव्हा कर लागत नाही. कर लागतो ते विकल्यावर. आणि 'तुम्हाला फुकट मिळालं, म्हणून खरेदी किंमत शून्य' हेही खोटं आहे. आयकर कायद्याचं कलम ४९(१) म्हणतं की वडिलांची किंमत ती तुमची किंमत. घर किती काळ जवळ होतं हेही वडिलांच्या खरेदीपासून मोजतात, त्यामुळे वारस लावून दोन महिन्यांत विकलं तरी नफा दीर्घ मुदतीचाच.

दुसरा घोळ नॉमिनीचा. सोसायटीच्या दप्तरात धाकट्या भावाचं नाव नॉमिनी म्हणून होतं आणि शेअर सर्टिफिकेटही त्याच्या नावावर झालं होतं. आमच्या ओळखीत अशा वेळी नॉमिनीने सगळी विक्री एकट्याच्या विवरणपत्रात दाखवल्याची उदाहरणं आहेत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हक्कसोड पत्र झालेलं नसेल तर करारावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात आणि नफाही ज्याच्या त्याच्या हिश्श्याने ज्याच्या त्याच्या विवरणपत्रात. यात पैशाचाही फरक पडतो: एकट्याचं उत्पन्न एक कोटीच्या वर गेलं की करावर १५ टक्के अधिभार बसतो, ५० लाखांच्या वर १० टक्के. तिघांत विभागल्यावर आमच्यापैकी कोणीच ५० लाखांच्या वर गेलं नाही. खालच्या आकड्यांत हा फरक दोन लाखांहून जास्त आहे. मात्र सोय म्हणून हिस्से ठरवता येत नाहीत. कागदावर मालकी जशी असेल तसेच ते धरायचे.

२००१ ची किंमत

घर १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेलं असेल तर मूळ किमतीऐवजी त्या दिवशीची बाजारभावाची किंमत धरायची मुभा आहे. १९८६ चे १ लाख ८० हजार धरण्यात काही अर्थ नव्हता. त्यासाठी सरकारमान्य मूल्यांकक गाठावा लागतो. इस्टेट एजंटचं लेटरहेडवरचं पत्र चालेल असं कोणी सांगितलं तर तिथून निघावं. आमच्या मूल्यांककाने १९८६ चा करार, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराचं बिल आणि सिटी सर्व्हे क्रमांक मागितला, एकदा येऊन फ्लॅट मोजला आणि बारा दिवसांत अहवाल दिला. फी १०,००० रुपये.

त्याने आधी तोंडी आकडा सांगितला तो साडेचौदा लाख. मग म्हणाला, एवढा धरता येणार नाही. २०२० च्या वित्त कायद्यापासून बंधन आहे: १ एप्रिल २००१ ची किंमत त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा, म्हणजे रेडी रेकनरपेक्षा जास्त असू शकत नाही. मुंबईत तेव्हा रेकनर १ जानेवारीला बदलत असे, म्हणून २००१ सालचं पुस्तक लागू. रेकनरचा दर बिल्ट-अप क्षेत्राच्या चौरस मीटरला असतो; ५०० फूट कार्पेटचे ६०० फूट बिल्ट-अप, म्हणजे ५५.७४ चौरस मीटर. आमचा आकडा १२ लाखांवर थांबला. अहवालाला रेकनरच्या त्या पानाची प्रत जोडून घ्या. पुढे कोणी विचारलंच, तर पहिला प्रश्न त्याच पानाचा येणार.

हे काम विक्रीच्या आधी करावं. फ्लॅट दुसऱ्याच्या ताब्यात गेला की मूल्यांककाला आत नेणं अवघड होतं, आणि नव्या मालकाने भिंत पाडली असेल तर मोजमापही बदलतं.

टोकन आणि मधले पंधरा दिवस

९ जून २०२४ ला २ लाखांचं टोकन चेकने मिळालं. किंमत १ कोटी २० लाख. खरेदीदार नवराबायको, दोघांची नावं करारात. २३ जुलैच्या अर्थसंकल्पात महागाई निर्देशांकाचा लाभ (खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) काढून टाकला आणि दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २० ऐवजी साडेबारा टक्के कर आला. त्या आठवड्यात सोसायटीच्या आवारात दुसरा विषय नव्हता. मग ६ ऑगस्टला सरकारने दुरुस्ती आणली: २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर किंवा जमीन निवासी व्यक्तीने विकली, तर निर्देशांकासह २० टक्के आणि निर्देशांकाशिवाय १२.५ टक्के यांतला जो कर कमी तोच भरायचा.

आमचं गणित असं. विक्री १,२०,००,०००. दलाली आणि वकिलाची फी मिळून १,५०,०००, ती वजा. राहिले १,१८,५०,०००. निर्देशांक २००१-०२ चा १००, २०२४-२५ चा ३६३. म्हणून १२ लाखांचे ४३,५६,००० झाले. नफा ७४,९४,०००, त्यावर २० टक्के म्हणजे १४,९८,८००. दुसरा मार्ग: १,१८,५०,००० वजा १२,००,०००, नफा १,०६,५०,०००, त्यावर १२.५ टक्के म्हणजे १३,३१,२५०. साडेबाराचा मार्ग स्वस्त, दोन्हींवर ४ टक्के उपकर वेगळा.

यातून एक पटकन वापरता येणारा ठोकताळा निघतो. खर्च वजा जाता विक्री २००१ च्या किमतीच्या साधारण ८ पटींहून जास्त असेल तर १२.५ टक्के बरे. कमी असेल तर २० टक्के. २०२५-२६ मधल्या विक्रीला निर्देशांक ३७६ आहे, तिथे ही सीमा सुमारे ८.४ पटींवर जाते. आमची विक्री ९.९ पट होती. ठाण्याच्या पलीकडे, जिथे भाव तितके चढले नाहीत, तिथे २० टक्क्यांचा मार्ग अजूनही फायद्याचा ठरू शकतो, म्हणून दोन्ही मांडून पाहा. वडिलांच्या मृत्यूच्या वर्षापासून निर्देशांक धरायचा असं सांगणारे भेटतील. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्येच आधीच्या मालकाच्या काळापासून तो धरायला मान्यता दिली आहे. भावंडांपैकी कोणी अनिवासी असेल तर मात्र त्याला २० टक्क्यांचा पर्यायच नाही आणि त्याच्या हिश्श्यावरची टीडीएसची, म्हणजे खरेदीदाराने पैसे देतानाच कापून भरायच्या कराची, कपातही वेगळ्या कलमाने, खूप जास्त होते. त्याने कमी कपातीचं प्रमाणपत्र कराराच्या आधी काढावं.

२०१२ मध्ये सोसायटीच्या मोठ्या दुरुस्तीला वडिलांनी दीड लाख भरले होते. पावत्या सापडल्या नाहीत. रंगरंगोटी आणि किरकोळ डागडुजी तर सुधारणेच्या खर्चात बसतही नाही. दीड लाख धरले असते तर माणशी साडेसहा हजार रुपये कर वाचला असता. पुराव्याशिवाय तेवढ्यासाठी आकडा घालायचा नाही असं ठरवलं.

नोंदणी, मोबदला आणि बाजारमूल्य

२२ ऑगस्टला दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाली. सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणीचा उतारा, हातात आल्यावर आधी दोन ओळी वाचायच्या: मोबदला, म्हणजे ठरलेली किंमत, आणि बाजारमूल्य, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी धरलेली किंमत. आमचं बाजारमूल्य १ कोटी ८ लाख, मोबदल्याहून कमी, म्हणून काही प्रश्न नव्हता. उलट असतं, आणि बाजारमूल्य मोबदल्याच्या ११० टक्क्यांच्या वर गेलं असतं, तर कलम ५०सी प्रमाणे मिळालेल्या पैशावर नव्हे तर बाजारमूल्यावर नफा मोजला गेला असता. मोडकळीला आलेल्या किंवा भाडेकरू असलेल्या इमारतीत हे हमखास होतं. तेव्हा निर्धारण अधिकाऱ्याला मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवायची विनंती करता येते.

उरलेले पैसे खरेदीदाराच्या कर्जातून आले, १८ ऑक्टोबरला, आणि त्याच दिवशी किल्ल्या दिल्या. मग हस्तांतरणाची तारीख २२ ऑगस्ट की १८ ऑक्टोबर? याच प्रश्नावर दोन सीएंनी दोन उत्तरं दिली. आम्ही सगळ्या मुदतींसाठी आधीची तारीख धरली, कारण लवकरची तारीख धरून कोणाची मुदत हुकत नाही. दोन तारखांच्या मध्ये ३१ मार्च येत असेल तर हा मुद्दा करार लिहितानाच वकिलाकडून पक्का करून घ्या.

टीडीएस: सगळ्यांत जास्त वेळ खाल्लेली गोष्ट

घराचा मोबदला किंवा बाजारमूल्य ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने १ टक्का कापून २६क्यूबी या फॉर्मने भरायचा असतो, ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत. 'माणशी ४० लाखच येतात, मग कशाला' हा युक्तिवाद १ ऑक्टोबर २०२४ पासून कायद्यानेच बंद केला. सगळ्या विक्रेत्यांची मिळून रक्कम बघतात.

एक फॉर्म म्हणजे एक खरेदीदार आणि एक विक्रेता. दोन खरेदीदार, तीन विक्रेते, म्हणजे प्रत्येक हप्त्याला सहा फॉर्म. खरेदीदारांच्या सीएने ऑक्टोबरमध्ये फक्त दोन भरले आणि दोन्हींत माझा पॅन, कारण करारात माझं नाव पहिलं. नोव्हेंबरच्या शेवटी २६एएस (आपल्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणारं पत्रक) उघडलं तर माझ्या नावावर १,२०,०००, ताई आणि भावाच्या नावावर शून्य. खरं तर तिघांचे ४०-४० हजार.

हे विक्रेत्याला दुरुस्त करता येत नाही. ट्रेसेस या आयकर विभागाच्या टीडीएसच्या संकेतस्थळावर खरेदीदारानेच अर्ज करायचा, आणि काही बदलांना निर्धारण अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आधीच्या दोन फॉर्मांतली रक्कम सुधारायची, उरलेले चार नव्याने भरायचे, उशिराचं व्याज आणि दिवसाला २०० रुपये शुल्क सोसायचं, जास्त भरलेल्याचा परतावा मागायचा. किल्ल्या हातात पडलेल्या माणसाला याची घाई नसते. रोज फोन न करता आठवड्यातून एकदा, सोमवारी, असं ठरवून घेतलं. १६बी, म्हणजे टीडीएस भरल्याची प्रमाणपत्रं, तिघांच्या नावाने फेब्रुवारीच्या मध्यावर मिळाली. परत विकायची वेळ आली तर करारातच एक तक्ता घालेन: विक्रेता, पॅन, हिस्सा, त्याच्या नावाने भरायचा टीडीएस. शेवटच्या हप्त्याच्या पावतीवर सही त्या चलनांच्या प्रती बघूनच.

ताईचा पॅन आधारशी जोडलेला नव्हता, ही गोष्ट सुदैवाने जूनमध्येच कळली. निष्क्रिय पॅनवर १ ऐवजी २० टक्के कपात होते. १,००० रुपये शुल्क भरून जोडल्यावर पॅन पुन्हा चालू व्हायला ३० दिवस लागू शकतात. टोकन घेण्याआधी सगळ्या वारसांचे पॅन तपासा.

तिघांचे तीन मार्ग

माणशी नफा ३५,५०,०००.

मी सरळ कर भरला: १२.५ टक्के अधिक उपकर, ४,६१,५००. त्यातून टीडीएसचे ४०,००० वजा, राहिले ४,२१,५००. हा आगाऊ कराच्या नियमाने भरावा लागतो, जुलैपर्यंत थांबता येत नाही. नफा ऑगस्टमधला, म्हणून १५ जूनचा हप्ता लागू नाही. १५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चपर्यंत पूर्ण. सप्टेंबरपर्यंत हातात माणशी १० लाखच आले होते. त्यातून १३ सप्टेंबरला १,९०,००० भरले, बाकीचे १२ डिसेंबरला. सप्टेंबरचा हप्ता चुकला असता तर कलम २३४सी चं व्याज सुमारे ५,७०० झालं असतं. चलन भरताना निर्धारण वर्ष २०२५-२६ निवडायचं, आर्थिक वर्ष नव्हे. इथे चुकलं तर पैसे भलत्या वर्षात जाऊन बसतात. डिसेंबरमध्ये २६एएसला माझ्या नावावर १,२०,००० दिसत होते, तरी वजा ४०,०००च केले.

ताई ६२ वर्षांची. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाला आगाऊ कर भरावा लागत नाही. तिचं इतर उत्पन्न म्हणजे १ लाख व्याज. त्या वर्षी करमुक्त मर्यादा ३ लाखांची होती, म्हणून नफ्यातले २ लाख तिथेच बसले. ही सवलत निवासी व्यक्तीलाच मिळते. उरलेल्या ३३,५०,००० चे तिने कलम ५४ईसीचे, कर वाचवणारे रोखे घेतले. मुदत हस्तांतरणापासून ६ महिने, कमाल ५० लाख, ५ वर्षं अडकतात, व्याज ५.२५ टक्के आणि तेही करपात्र. रोखे विकता येत नाहीत, त्यावर कर्जही मिळत नाही. आमची मुदत २१ फेब्रुवारी २०२५ ला संपत होती. तिने डिसेंबरमध्येच अर्ज दिला. शेवटच्या आठवड्यात चेक वटायला उशीर झाला तर सगळी सवलत जाते. तिचा कर शून्य आला आणि ४०,००० परत मिळाले.

धाकट्याला घर घ्यायचं आहे. नव्या घरात नफा गुंतवून कर वाचवायचं ते कलम ५४; त्यात विक्रीच्या १ वर्ष आधी किंवा २ वर्षांत घर घ्यायचं, बांधायचं असेल तर ३ वर्षांत, आणि गुंतवायचा तो नफा, विक्रीची सगळी रक्कम नव्हे. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर मिळालं नाही तर पैसे बँकेत यासाठीच असलेल्या कॅपिटल गेन खात्यात ठेवावे लागतात. साध्या मुदत ठेवीत ठेवलेले चालत नाहीत, आणि दरवर्षी कोणी ना कोणी हीच चूक करतं. सगळ्या शाखांत हे खातं उघडत नाहीत. त्याला तिसऱ्या शाखेत जमलं. 'अ' प्रकार बचत खात्यासारखा, 'ब' प्रकार मुदत ठेवीसारखा. काढलेली रक्कम ६० दिवसांत वापरावी लागते आणि खातं बंद करायला निर्धारण अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्याने जुलैत ३५,५०,००० भरले. विवरणपत्राची मुदत आधी १५ सप्टेंबर आणि मग १६ सप्टेंबर २०२५ झाली, पण मुदत वाढेल म्हणून थांबायचं हे दिवस नव्हेत.

विवरणपत्र

घर विकल्यावर आयटीआर-१ चालत नाही. पगार किंवा पेन्शन असेल तर आयटीआर-२. ऑनलाइन फॉर्म जुलैच्या मध्यावर खुला झाला, आम्ही ९ ऑगस्टला बसलो.

आधी एआयएस, म्हणजे आयकर विभागाकडे आलेली आपल्या व्यवहारांची यादी, उघडली. दुय्यम निबंधक कार्यालयाकडून ३० लाखांवरच्या व्यवहारांची माहिती जाते, आणि आमच्या बाबतीत तिघांच्याही नावावर पूर्ण १ कोटी २० लाख लागले होते. घाबरायचं कारण नाही. त्या ओळीवर 'माहिती पूर्णपणे बरोबर नाही' असा अभिप्राय देऊन आपल्या हिश्श्याचा आकडा घालायचा आणि विवरणपत्रातही ४० लाखच दाखवायचे.

भांडवली नफ्याच्या तक्त्यात दोन भाग होते, २३ जुलै २०२४ च्या आधीची विक्री आणि नंतरची. खरेदीची तारीख वडिलांच्या १९८६ च्या कराराची, मृत्यूची नाही. विक्री ४०,००,०००, मुद्रांक मूल्याचा हिस्सा ३६,००,०००, किंमत ४,००,०००, खर्च ५०,०००. निर्देशांकासह किंमत म्हणून वेगळी जागा आहे, तिथे १४,५२,०००. ती फक्त दोन करांची तुलना करायला, नफा निर्देशांकाशिवायचाच दिसतो. खाली खरेदीदारांची नावं, पॅन, टक्केवारी, प्रत्येकाकडून आलेली रक्कम आणि पत्ता. टक्केवारीत ५०-५० आणि रक्कम २०-२० लाख, आपल्या हिश्श्यापुरती.

त्याच तक्त्याच्या अगदी शेवटी नफा वर्षात कधी झाला ते सांगायची एक पट्टी असते. ती चुकली किंवा रिकामी राहिली की नफा वर्षाच्या सुरुवातीला झाला असं धरून २३४सी चं व्याज लागतं. आमचा आकडा १६ जून ते १५ सप्टेंबरच्या रकान्यात. टीडीएस खरेदीदारांच्या पॅनने, पगाराच्या नव्हे तर इतर उत्पन्नाच्या टीडीएसच्या तक्त्यात. आगाऊ कराच्या चलनांचे बीएसआर कोड (बँक शाखेचे क्रमांक) आणि अनुक्रमांक आपोआप आले, तरी चलनाशी ताडून पाहिले. आधारवर आलेल्या ओटीपीने त्याच दिवशी पडताळणी केली. त्यासाठी ३० दिवस असतात, ती राहिली तर विवरणपत्र भरलंच नाही असं धरलं जातं. सीएची फी माणशी ५,०००.

कलम १४३(१) ची, म्हणजे विवरणपत्र तपासून झाल्याची, सूचना मला पाच आठवड्यांत आली, मागणी शून्य. ताईचा परतावा त्यानंतर दहा दिवसांनी. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू असल्याने इथले कलम क्रमांक त्यापुढच्या वर्षांच्या कागदांवर वेगळे दिसतील; तेव्हा क्रमांकावर न जाता विषय शोधा.

मूल्यांकन अहवाल, १९८६ चा करार, मृत्यू दाखला, सूची दोन, १६बी आणि दलालीची पावती अशी तीन फायली करून प्रत्येकाकडे एक दिली आहे. ताईचे रोखे २०२९ च्या डिसेंबरअखेर सुटतील. धाकट्याच्या खात्यातले पैसे २१ ऑगस्ट २०२६ पर्यंत घरात गेले नाहीत तर विक्रीला तीन वर्षं पूर्ण होतात त्या वर्षीचा, म्हणजे २०२७-२८ चा नफा म्हणून ते करात येतील. तो सध्या दर रविवारी डोंबिवलीत फ्लॅट बघतो आहे.